मुरलेली बर्बन आणि तिचा वारसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्बनविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणादाखल सगळीकडे एकच बर्बन घेतली आहे: केंटकी राज्यातल्या बार्ड्सटाउनच्या हेवन हिल कंपनीची एलायजा क्रेग. दंतकथा, घराणं, आग, लेबलवरून गायब झालेलं वय असं बरंच काही या एका बाटलीच्या इतिहासात सापडतं. आधी साधे प्रश्न आहेत, अडचणीचे शेवटी. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथे पाहायला सांगितलं आहे.

बर्बन आणि व्हिस्की यात फरक काय?

बर्बन ही व्हिस्कीच आहे. धान्य आंबवून, गाळून (म्हणजे तापवून वाफेतून अल्कोहोल वेगळं काढून), लाकडात मुरवलेली दारू म्हणजे व्हिस्की. त्यातली जी अमेरिकी कायद्याच्या ठरावीक अटी पाळते ती बर्बन. अटी मोजक्या पण कडक आहेत. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. गाळताना अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर नेता येत नाही, त्यामुळे धान्याची चव शिल्लक राहते. पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. पिंप ओकच्या लाकडाचं, कोरं आणि आतून जाळलेलं असावं लागतं. बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल हवं. पाण्याखेरीज काहीही मिसळायला बंदी आहे. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमेल घालता येतं, बर्बनमध्ये तेही नाही. पेल्यातला तांबूस रंग सगळाच्या सगळा लाकडातून आलेला असतो.

एलायजा क्रेगमध्ये ७८ टक्के मका, १० टक्के राय (गव्हासारखं एक धान्य) आणि १२ टक्के माल्टेड बार्ली (मोड आणून वाळवलेला सातू) असते. मक्याने गोडवा येतो, रायने मिरीसारखा झणका, आणि बार्लीतल्या एन्झाइममुळे पिष्टाची साखर होते. ती झाली की मग यीस्टचं काम सुरू होतं.

बर्बन फक्त केंटकीतच बनते ना?

नाही. अमेरिकेत कुठेही बनवता येते, आणि न्यूयॉर्कपासून टेक्सासपर्यंत बनतेही. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बनला अमेरिकेचं वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन ठरवलं. त्यामुळे देशाबाहेर बनलेल्या दारूला तिथे हे नाव लावता येत नाही. मात्र बहुतांश बर्बन केंटकीतूनच येते. राज्याची लोकसंख्या पंचेचाळीस लाखांच्या आसपास आहे आणि तिथल्या गोदामांत मुरत पडलेली पिंपं एक कोटीहून जास्त.

केंटकीच्या पाण्यात खरंच काही वेगळं आहे का, की ती जाहिरात आहे?

वेगळं आहे. तिथली जमीन चुनखडीची आहे. त्या खडकातून झिरपताना पाण्यातलं लोह निघून जातं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम मिसळतं. लोहाने व्हिस्की काळपट पडते आणि चव बिघडते. कॅल्शियम मात्र आंबवण्याच्या कामी येतं. जुन्या डिस्टिलऱ्या, म्हणजे दारू गाळण्याचे कारखाने, झऱ्यांच्या काठी का उभ्या राहिल्या, ते यावरून समजतं. आज पाणी शुद्ध करायची यंत्रं सगळीकडे आहेत, त्यामुळे पाण्याचं महत्त्व पूर्वीइतकं उरलेलं नाही. माझ्या मते चवीतला मोठा वाटा आता पिंपाचा आणि हवामानाचा आहे.

एलायजा क्रेग हा खरा माणूस होता का? बर्बन त्यानेच शोधली म्हणतात.

माणूस खरा होता, शोधाची गोष्ट मात्र सिद्ध होत नाही.

क्रेग मूळचा व्हर्जिनियाचा, बाप्टिस्ट धर्मोपदेशक. सरकारमान्य चर्चच्या परवान्याविना प्रवचन केलं म्हणून तिथे त्याने तुरुंगवास भोगला. पुढे तो केंटकीत आला आणि आजच्या जॉर्जटाउन गावाची उभारणी केली. त्याने शाळा काढली, लोकरी कापडाची गिरणी, कागदाची गिरणी, दोरखंडाचा कारखाना चालवला आणि व्हिस्कीही गाळली. परवान्याशिवाय व्हिस्की गाळल्याबद्दल १७९० च्या दशकात केंटकीत अनेकांना दंड झाला, त्या यादीत त्याचंही नाव आहे. १८०८ साली तो वारला.

दंतकथा अशी, की १७८९ मध्ये त्याच्या कोठाराला आग लागली, पिंपं आतून होरपळली, त्याने तीच वापरली आणि बर्बन जन्माला आली. याला त्या काळातला कुठलाही कागद आधार देत नाही. १८७४ साली छापलेल्या केंटकीच्या एका इतिहासात जॉर्जटाउनच्या गिरणीवर १७८९ मध्ये पहिली बर्बन झाल्याची ओळ आहे, पण त्या ओळीत क्रेगचं नाव नाही. पुढच्या लोकांनी ते जोडलं. दारूबंदीची चळवळ जोरात असताना दारूचा जनक एक धर्मोपदेशक निघणं डिस्टिलरीवाल्यांना किती सोयीचं होतं, हे सांगायला नको. आतून जाळलेल्या पिंपांचा ठोस लेखी उल्लेख १८२६ चा आहे. केंटकीतल्याच लेक्सिंग्टनच्या एका व्यापाऱ्याने डिस्टिलरीवाल्याला पत्र लिहून पिंपं आतून जाळायला सुचवलं होतं. म्हणजे ही कल्पना त्या सुमारास व्यापारात फिरत होती. ती कुणा एकाच्या डोक्यातून निघाली, असं मानायला आधार नाही.

मग बर्बन नेमकी कुणी घडवली?

अनेकांनी मिळून. अठराव्या शतकाच्या शेवटी केंटकीत स्कॉट-आयरिश आणि जर्मन वंशाचे शेतकरी आले. मका भरपूर पिकत होता, पण डोंगर ओलांडून धान्य बाजारात नेणं परवडत नव्हतं. व्हिस्की करून नेली की ओझं कमी आणि दाम जास्त. पिंपं होड्यांवर चढवून ओहायो आणि मिसिसिपी नद्यांवरून न्यू ऑर्लिन्सपर्यंत जात.

एकोणिसाव्या शतकात या धंद्याला शास्त्र मिळालं. स्कॉटलंडहून आलेल्या जेम्स क्रोने केंटकीतल्या ऑस्कर पेपरच्या डिस्टिलरीत तापमान, आम्लता, स्वच्छता मोजून काम करायची शिस्त लावली. सावर मॅश पद्धत पक्की करण्याचं श्रेय त्याला देतात. आधीच्या घाण्यातला गाळून उरलेला आंबट द्रव नव्या मॅशमध्ये, म्हणजे धान्य आणि पाण्याच्या मिश्रणात, थोडा घालायचा, कालचं विरजण आज लावावं तसा. त्याने आम्लता योग्य राहते, नको ते जंतू वाढत नाहीत आणि प्रत्येक घाणा मागच्यासारखा उतरतो. आज जवळजवळ सगळी बर्बन याच रीतीने बनते, मग बाटलीवर तसं लिहिलेलं असो वा नसो.

वारशाच्या गप्पांमध्ये फार काळ गाळलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. केंटकीच्या सुरुवातीच्या डिस्टिलऱ्यांमध्ये गुलाम केलेल्या आफ्रिकी-अमेरिकी माणसांनी राबून काम केलं. त्यांत भट्टी सांभाळणारे होते, पिंपं बनवणारेही होते. एलायजा क्रेगकडेही गुलाम होते. लेबलांवर मालकांची नावं राहिली, राबणाऱ्यांची नावं बहुतेक कुठेच नोंदली गेली नाहीत. जे एक नाव पुढे आलं आहे ते जॅक डॅनियल्सच्या प्रश्नात खाली दिलं आहे.

पिंप आतून जाळतात म्हणजे काय करतात? आणि दर वेळी नवं कशाला?

पांढऱ्या ओकच्या फळ्या जोडून साधारण २०० लिटरचं पिंप तयार होतं आणि त्याच्या पोटात जाळ सोडतात. जाळण्याच्या पायऱ्या असतात. हेवन हिल तिसरी पायरी वापरते, त्यात पिंप अर्ध्या मिनिटाच्या आसपास जळतं. आतला पृष्ठभाग कोळशासारखा होतो आणि त्याच्या मागे लाकडातली साखर करपून लालसर थर तयार होतो.

कोळसा कच्च्या दारूतले गंधकाचे उग्र वास शोषून घेतो. लाकडातल्या लिग्निनचं विघटन होऊन व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन तयार होतं, हेमिसेल्युलोजपासून करपलेल्या साखरेची चव येते, ओकमधल्या लॅक्टोनमुळे किंचित नारळाची झाक येते, टॅनिनमुळे तुरटपणा. उन्हाळ्यात व्हिस्की प्रसरण पावून लाकडात शिरते, थंडीत मागे येते. हे वर्षानुवर्षं चालू राहतं.

कोरं पिंप ही कायद्याची अट आहे. एकदा वापरलेल्या पिंपातून पहिल्यासारखा रस निघत नाही, म्हणून चवीला ही अट मोलाची आहे. वापरलेल्या पिंपांचं पुढे काय होतं, ते गोव्याच्या प्रश्नात पाहा.

बारा वर्षांची स्कॉच तर नेहमीची गोष्ट. मग बारा वर्षांच्या बर्बनचं एवढं कौतुक का?

दोन्हीकडे आकडा सारखा दिसला तरी लाकडाशी झालेला संबंध सारखा नसतो. स्कॉच बहुधा वापरलेल्या पिंपात, थंड आणि ओलसर हवेत मुरते. बर्बन कोऱ्या पिंपात मुरते आणि केंटकीत उन्हाळ्यात पारा ३० अंशांच्या पुढे जातो, हिवाळ्यात शून्याखाली. त्यामुळे लाकडाचा अंश भराभर उतरतो. बहुतेक बर्बन चार ते आठ वर्षांत बाटलीत जातात. बारा वर्षं हे बर्बनसाठी पक्कं वय आहे.

शिवाय पिंपातून दरवर्षी काही व्हिस्की उडून जाते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तो साधारण दोन टक्के, केंटकीत तीन ते पाच. बारा वर्षांनंतर पिंपात काय उरत असेल याचा हिशेब केला की किंमत का वाढते ते समजतं. त्यात केंटकीत मुरत पडलेल्या पिंपांवर दरवर्षी मालमत्ता कर लागत आला आहे. तो २०२६ पासून टप्प्याटप्प्याने कमी करून २०४३ पर्यंत संपवण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला.

गोदामात पिंप कुठल्या मजल्यावर होतं याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि माझ्या मते मुरवण्याची खरी कला इथेच आहे. केंटकीतली जुनी गोदामं पत्र्याची, अनेक मजल्यांची, उष्णतेची वेगळी सोय नसलेली असतात. तिथे त्यांना रिकहाउस म्हणतात. उन्हाळ्यात वरचा मजला भट्टीसारखा तापतो, तळमजला गार राहतो. वरच्या कोरड्या उष्णतेत पाणी अल्कोहोलपेक्षा लवकर उडतं, म्हणून तिथल्या पिंपात अल्कोहोलचं प्रमाण वर्षागणिक वाढत जातं. स्कॉटलंडच्या ओल्या गारव्यात ते घटतं. एकाच दिवशी, एकाच घाण्यातून भरलेली दोन पिंपं बारा वर्षांनी अगदी निराळी निघतात: वरचं गडद, तिखट, लाकडी, खालचं सौम्य, फळांच्या अंगाचं. फार वर्षं ठेवायची पिंपं खालच्या मजल्यांवर ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं असतं. कुठल्या मजल्यावरची किती पिंपं एकत्र केली की ओळखीची चव जुळते, ते ठरवणं मास्टर डिस्टिलरचं, म्हणजे डिस्टिलरीतल्या मुख्य जाणकाराचं काम.

म्हणजे जितकी जुनी तितकी चांगली?

नाही. कोरं लाकूड देत राहतं, थांबत नाही. एका वयानंतर टॅनिन वरचढ होऊन घशात तुरट कोरड उरते. एलायजा क्रेगची १८ वर्षांची सिंगल बॅरल (एकाच पिंपातली) बाटली आहे, आणि मधल्या काळात २० ते २३ वर्षांच्याही निघाल्या. जुनं लाकूड, तंबाखूचं पान, चामडं असे वास आवडणाऱ्यांना त्या मोहवतात. पण गोडवा, झणका आणि लाकूड यांचा तोल मला आठ ते बारा वर्षांच्या बर्बनमध्ये सर्वांत चांगला वाटतो. अठरा वर्षांच्या बाटलीची जास्तीची किंमत ही बरीचशी दुर्मीळपणाची असते. चव त्याच पटीत वाढत नाही.

पूर्वी एलायजा क्रेगवर मोठा १२ आकडा होता. आता का नाही?

ही बर्बन १९८६ मध्ये बारा वर्षांच्या वयासह बाजारात आली. तेव्हा अमेरिकेत लोक व्होडकाकडे वळले होते आणि गोदामांत जुना साठा पडून होता. स्मॉल बॅच (निवडक पिंपांचं मिश्रण) म्हणून विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या बर्बनमध्ये तिची गणना होते. पुढे बर्बनला पुन्हा दिवस आले. मागणी वाढली तरी बारा वर्षांपूर्वी भरलेली पिंपं काही वाढवता येत नाहीत. आधी १२ हा आकडा लेबलच्या दर्शनी भागावरून मागे गेला, मग २०१६ मध्ये वयाचा उल्लेखच निघाला. तेव्हापासून स्मॉल बॅचमध्ये आठ ते बारा वर्षांची पिंपं एकत्र केली जातात.

बारा वर्षांची हमी काढून घेणं मला पटलेलं नाही, कारण ज्या आकड्यावर लोकांनी विश्वास ठेवला तोच गेला. तरी ४७ टक्के अल्कोहोलची आजची बाटली त्या किमतीला चांगलीच आहे.

लेबलवर वय नसेल तर वय ओळखायचं कसं?

नेमकं कळत नाही, पण खालची मर्यादा कळते. बाटलीवर 'स्ट्रेट बर्बन' असेल तर ती किमान दोन वर्षं मुरलेली असते. स्ट्रेट बर्बन चार वर्षांपेक्षा कमी वयाची असेल तर वय छापावंच लागतं. म्हणजे 'स्ट्रेट' आहे आणि वय नाही, तर किमान चार वर्षं धरून चाला. वय छापलेलं असेल तर ते बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं असतं, सरासरी नव्हे. नुसतं 'बर्बन' म्हणवायला मात्र कायद्याने किमान कालावधीच नाही.

स्मॉल बॅच, सिंगल बॅरल, बॅरल प्रूफ यांत फरक काय?

सिंगल बॅरल म्हणजे बाटलीतली सगळी व्हिस्की एकाच पिंपातली. दोन बाटल्यांची चव वेगळी लागू शकते, कारण पिंपं वेगळी. स्मॉल बॅच म्हणजे निवडक पिंपांचं मिश्रण, पण किती पिंपं याची कायद्यात व्याख्या नाही. हेवन हिल दोनशे किंवा त्याहून कमी पिंपं असं सांगते. दुसऱ्या कंपनीचा आकडा वेगळा असू शकतो. म्हणून हा शब्द वाचून भारावून जाऊ नका.

बॅरल प्रूफ म्हणजे पिंपातून निघाली तशी, पाणी न घालता भरलेली. एलायजा क्रेगची बॅरल प्रूफ २०१३ पासून निघते, वर्षातून तीनदा. तिच्यावर ए१२३ किंवा सी९२३ असा संकेत असतो. पहिलं अक्षर त्या वर्षातली कितवी खेप ते सांगतं, मधला आकडा महिना आणि शेवटचे दोन वर्ष. सी९२३ म्हणजे २०२३ च्या सप्टेंबरमधली तिसरी खेप. या मालिकेवर पूर्वी १२ वर्षं ठरलेली होती. २०२३ पासून प्रत्येक खेपेचं वय वेगळं छापतात.

प्रूफ आणि टक्के यांचा हिशेब कसा करायचा?

प्रूफ हे दारूची तीव्रता मोजायचं माप. अमेरिकी प्रूफला दोनने भागा. ९४ प्रूफ म्हणजे ४७ टक्के. भारतीय बाटल्यांवर पूर्वीपासून दिसणारं '७५ डिग्री प्रूफ' ही जुनी ब्रिटिश पद्धत आहे, तिथे हा भागाकार चालत नाही. ७५ डिग्री म्हणजे ४२.८ टक्के.

'बॉटल्ड इन बाँड' हा काय प्रकार आहे? एलायजा क्रेग तशी आहे का?

एकोणिसाव्या शतकात व्हिस्कीत रंग, रसायनं, स्वस्त स्पिरिट मिसळून विकणारे पुष्कळ होते. कर्नल ई. एच. टेलरसारख्या डिस्टिलरीवाल्यांनी पाठपुरावा केला आणि १८९७ मध्ये बॉटल्ड इन बाँड कायदा आला. एका डिस्टिलरीने एका हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं मुरलेली, बरोबर ५० टक्क्यांवर भरलेली व्हिस्कीच हे नाव लावू शकते. अन्नभेसळीविरुद्ध अमेरिकेने केलेल्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक. गिऱ्हाइकाच्या बाजूने उभा राहिलेला हा कायदा बर्बनच्या वारशातला सर्वांत अभिमानास्पद भाग आहे असं मला वाटतं.

एलायजा क्रेग स्मॉल बॅच बाँडेड नाही. ती ४७ टक्क्यांची आहे आणि वेगवेगळ्या वर्षांची पिंपं तिच्यात एकत्र येतात.

हेवन हिल खूप जुनी आहे का? क्रेगच्या काळापासून?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. १९२० ते १९३३ अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी होती. औषधी व्हिस्की विकण्याचे मोजके परवाने सोडले तर धंदा बंद होता. बहुतेक डिस्टिलऱ्या बुडाल्या. बंदी उठल्यावर १९३५ मध्ये बार्ड्सटाउनला हेवन हिल सुरू झाली. कपड्यालत्त्यांच्या दुकानांचे मालक असलेल्या शपिरा बंधूंनी तिच्यात पैसा घातला, आणि आजही कंपनी त्याच घराण्याकडे आहे. क्रेगचं नाव त्यांनी १९८६ मध्ये घेतलं. नावापलीकडे कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही.

मग हेवन हिलच्या इतिहासात बीम आडनाव सारखं का येतं? ती तर जिम बीम ना?

बीम हे कुटुंब आहे आणि जिम बीम ही वेगळी कंपनी. जेकब बीमने १७९५ च्या सुमारास व्हिस्की विकायला सुरुवात केली आणि त्याच्या वंशजांनी केंटकीतल्या कितीतरी डिस्टिलऱ्या चालवल्या. हेवन हिलचा पहिला मास्टर डिस्टिलर जोसेफ एल. बीम. पुढे जिम बीमचा पुतण्या अर्ल बीम आला, मग त्याचा मुलगा पार्कर बीम, मग पार्करचा मुलगा क्रेग बीम. पैसा शपिरांचा, हात बीमचा, असं तिथे अनेक दशकं चाललं. पार्कर बीमला एएलएस हा मज्जातंतूंचा आजार झाला आणि २०१७ मध्ये तो वारला. बार्ड्सटाउनमध्ये त्याच्याविषयी आजही मोठा आदर आहे.

१९९६ ची आग काय होती?

७ नोव्हेंबर १९९६ ला बार्ड्सटाउनच्या हेवन हिलमध्ये एका गोदामाला आग लागली. सोसाट्याचा वारा होता. सात गोदामं आणि डिस्टिलरी जळून गेली, नव्वद हजारांहून जास्त पिंपं नष्ट झाली. पेटलेली व्हिस्की उतारावरून ओढ्यासारखी वाहत गेली. जीवितहानी झाली नाही, हे मोठंच भाग्य.

यानंतर जे झालं ते मला आगीइतकंच महत्त्वाचं वाटतं. जिम बीम आणि ब्राउन-फोरमन या प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या भट्ट्यांवर हेवन हिलसाठी व्हिस्की गाळून दिली. १९९९ मध्ये कंपनीने केंटकीतल्याच लुईव्हिल शहरातली बर्नहाइम डिस्टिलरी विकत घेतली. तेव्हापासून गाळायचं लुईव्हिलला आणि मुरवायचं मुख्यतः बार्ड्सटाउनच्या परिसरात, असं चाललं. २०२५ मध्ये बार्ड्सटाउनला नवी डिस्टिलरी सुरू होऊन गाळण्याचं काम तिथे परत आलं.

जॅक डॅनियल्स बर्बन आहे का?

ती स्वतःला टेनेसी व्हिस्की म्हणवते. बर्बनच्या जवळपास सगळ्या अटी ती पाळते, पण पिंपात भरण्याआधी शुगर मेपल झाडाच्या कोळशाच्या जाड थरातून थेंब थेंब झिरपवली जाते. जॅक डॅनियलला हे काम शिकवणारा नेथन 'निअरेस्ट' ग्रीन हा आधी गुलाम होता आणि पुढे जॅकच्या डिस्टिलरीचा पहिला मास्टर डिस्टिलर झाला. दीडशे वर्षं झाकलेलं हे नाव अलीकडे मानाने घेतलं जातं.

वापरलेली पिंपं कुठे जातात? गोव्यात येतात हे खरं का?

खरं आहे. बर्बनवाल्यांना पिंप दुसऱ्यांदा वापरता येत नाही, म्हणून ती जगभर विकली जातात. सर्वांत मोठं गिऱ्हाईक स्कॉटलंड. दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळी इथे बनणारी पॉल जॉन सिंगल माल्टही (एकाच डिस्टिलरीतली, फक्त माल्टेड बार्लीची व्हिस्की) बर्बनच्या रिकाम्या पिंपांत मुरते. गोव्याच्या दमट उष्ण हवेत व्हिस्की केंटकीपेक्षाही लवकर मुरते आणि देवदूतांचा वाटाही मोठा असतो. त्यामुळे तिथे बारा वर्षं ठेवणं सहसा परवडत नाही. पॉल जॉनमध्ये व्हॅनिला आणि मधाची झाक जाणवली तर तिचा उगम अमेरिकी ओकमध्ये आहे.

भारतात बर्बन इतकी महाग का?

कर. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणलं. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क आणि इतर कर येतात, म्हणून तीच बाटली गोव्यात आणि महाराष्ट्रात वेगळ्या भावाने मिळते. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षं आहे आणि कायद्याने पिण्याचा परवाना लागतो. गोव्यात वयाची अट २१ आहे.

प्यायची कशी? बर्फ घातला तर अपमान होतो का?

अजिबात नाही. आधी एक घोट नुसता घ्या, मग चमचाभर साधं पाणी घालून पुन्हा वास घ्या. ४७ टक्क्यांची व्हिस्की पाण्याने खुलते. बॅरल प्रूफमध्ये तर पाणी घालावंच असं मी म्हणेन. बर्फाने वास दबतो, पण आपल्या मे महिन्यात एक मोठा खडा घातला तर कुणी नाव ठेवू नये. कोला घालायचा असेल तर स्वस्त बाटली घ्या. बारा वर्षांचं लाकूड त्यात हरवतं.

बर्बन शाकाहारी आहे का?

हो. धान्य, पाणी, यीस्ट आणि लाकूड. काही मिसळायला कायद्यानेच बंदी आहे. मात्र 'क्रीम' किंवा 'हनी' लिहिलेली बर्बनच्या नावाची लिकर वेगळी. तिचं लेबल वाचा.

रोज एक पेग तब्येतीला बरा, डॉक्टरही पूर्वी देत म्हणे.

दारूबंदीच्या काळात अमेरिकी डॉक्टर व्हिस्कीची चिठ्ठी देत, हे खरं. त्यावरून ती औषध ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. चवीसाठी घ्या, थोडी घ्या, औषध म्हणून घेऊ नका.

बाटली कपाटात ठेवली तर आणखी मुरेल का? उघडल्यावर किती टिकते?

काचेत मुरणं थांबतं. बारा वर्षांची व्हिस्की बाटलीत वीस वर्षं राहिली तरी बारा वर्षांचीच. उघडलेली बाटली अर्ध्याच्या वर भरलेली असेल तर वर्षभर नीट राहते. तळाशी थोडी उरली की हवेमुळे चव फिकी पडू लागते, ती काही महिन्यांत संपवावी. बाटली उभी ठेवा. आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोलने बूच खराब होतं. ऊन लागू देऊ नका.

अमेरिकेहून येताना किती आणता येते? बॅरल प्रूफ चालते का?

भारतात उतरताना प्रत्येक प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काविना आणता येते. त्याहून जास्त आणली तर शुल्क भरावं लागतं. विमानाचे नियम वेगळे आहेत. चेक-इन सामानात २४ ते ७० टक्के अल्कोहोलची दारू सीलबंद बाटल्यांत पाच लिटरपर्यंत चालते, ७० टक्क्यांच्या वर अजिबात नाही. एलायजा क्रेग बॅरल प्रूफच्या काही खेपा ७० टक्क्यांच्या आसपास गेल्या आहेत. तेव्हा बाटली घेण्याआधी लेबलवरचा आकडा पाहा. १४० प्रूफ ही हद्द.

काकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी आणलेली, १२ आकड्याची एलायजा क्रेग घरात आहे. ती आगीच्या आधीची असेल का?

असू शकते, आणि हे तपासता येतं. बारा वर्षांची बाटली नोव्हेंबर २००८ च्या आधी भरलेली असेल, तर तिच्यातली सगळी व्हिस्की १९९६ च्या आगीपूर्वी, म्हणजे जुन्या बार्ड्सटाउन डिस्टिलरीत गाळलेली आहे. ती पिंपं आगीतून वाचलेल्या गोदामांतली. २००९ ते २०११ च्या सुमाराची असेल तर तिच्यात इतरांच्या भट्टीवर गाळून घेतलेली व्हिस्की असण्याची शक्यता आहे. त्यानंतरची बर्नहाइमची. बाटली कधी आणली ते काकांच्या पासपोर्टवरच्या शिक्क्यावरून ताडता येईल. घरात हेवन हिलचीच एखादी बाँडेड बाटली असेल तर तिच्या बाबतीत काम आणखी सोपं. तिच्यावर डिस्टिलरीचा क्रमांक छापणं सक्तीचं आहे: डीएसपी-केवाय-३१ म्हणजे जुनी बार्ड्सटाउन, डीएसपी-केवाय-१ म्हणजे बर्नहाइम.

विकायचा विचार असेल तर तो सोडा, महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहे. पातळी बुचाच्या बरीच खाली गेली असेल तर चव उतरली असण्याचा संभव आहे. जुनं बूच तुटतं, म्हणून उघडताना चहाची गाळणी आणि एक स्वच्छ काचेची बाटली हाताशी ठेवा.